डॉयलचं काय करायचं?

२ सप्टेंबर १९१८ची गोष्ट. उत्तर फ्रान्समध्ये अरास शहराच्या आग्नेयेला रिआँकूर नावाचं खेडं आहे. त्याच्या जवळपास रॉयल मन्स्टर फ्युझिलिअर्सची पहिली बटालियन लढत होती. एका कंपनीचे अधिकारी मारले गेले किंवा जायबंदी झाले आणि कंपनीचा ताबा सार्जंट मेजर मार्टिन डॉयलकडे आला. आयर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात वेक्सफर्ड परगणा आहे, तिथल्या न्यू रॉस गावाकडचा हा गडी. आपली काही माणसं शत्रूच्या घेऱ्यात सापडल्याचं त्यानं पाहिलं. हाताशी होते तेवढे शिपाई घेऊन तो खंदकाखंदकातून वाट काढत तिथवर पोचला, घेरा फोडला आणि परतताना भडिमारातून एका जखमी अधिकाऱ्याला उचलून आणलं.

काही वेळानं त्याला आपला एक रणगाडा अडकलेला दिसला. जर्मन शिपाई आत शिरायच्या बेतात होते. डॉयल गोळ्यांच्या मधून धावत गेला आणि त्यांना पिटाळून लावलं. मग त्याच रणगाड्यावर अगदी जवळून एक मशीनगन सुरू झाली. जखमींना हलवता येईना. हा पुन्हा निघाला, या वेळी एकटाच. गन बंद पाडली आणि ती गन व तीन कैदी घेऊन परत आला. मग आणखी एका जखमीला उचलून आडोशाला नेलं. त्याच दिवशी पुढे जर्मनांनी उलट हल्ला चढवला, तोही त्यानं परतवून लावला आणि वर आणखी कैदी पकडले.

हे सगळं एका दिवसातलं. मिलिटरी मेडल त्याला आधीच मिळालेलं होतं. ३१ जानेवारी १९१९च्या राजपत्रात व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला आणि मे महिन्यात राजा पाचव्या जॉर्जनं तो स्वतःच्या हातानं त्याच्या छातीवर लावला.

इथवरची गोष्ट साम्राज्याच्या कुठल्याही क्रमिक पुस्तकात चपखल बसली असती. पुढची बसत नाही. १९२०च्या अखेरीस हाच डॉयल आयरिश रिपब्लिकन आर्मीत, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांच्या आयआरएत, होता. क्लेअर परगण्यात एनिस इथे ब्रिटिशांची छावणी होती. तिथल्या आतल्या बातम्या तो बाहेर बंडखोरांना पुरवत होता. ज्या फौजेनं तिच्याजवळचा सर्वात मोठा मान त्याला दिला, तिच्याच घरात राहून हेरगिरी. राजाच्या हातचं पदक मिळवलेल्या माणसाचा संशय तरी कोण घेणार?

१९२२त स्वतंत्र आयरिश सरकारची फौज उभी राहिली, तेव्हा तो तिच्यात गेला. लगेचच यादवी पेटली आणि कालचे सोबती एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. डॉयल त्यात जखमी झाला, बरा झाला, आणि १९३७पर्यंत आयरिश गणवेशात राहिला. नंतर डब्लिनमध्ये गिनेसच्या बिअर कारखान्यात सुरक्षेची नोकरी. २० नोव्हेंबर १९४० रोजी पोलिओनं गेला. पन्नाशीही गाठली नाही. त्याला पुरलं ते ग्रेंजगॉर्मनच्या लष्करी दफनभूमीत. फिनिक्स पार्कच्या कडेची ही जुनी ब्रिटिश दफनभूमी. १९१६च्या डब्लिनमधल्या उठावात बंडखोरांच्या गोळीनं मेलेले ब्रिटिश शिपाईही तिथेच आहेत.

तर प्रश्न असा, की स्वतंत्र झालेल्या देशानं या माणसाचं काय करायचं?

आयर्लंडनं बराच काळ उत्तर देण्याचं टाळलं, आणि ते टाळणं समजून घ्यायला हवं. बाहेरून पाहणाऱ्याला आयरिश लोक कृतघ्न वाटतात. पण आपण जरा १९१४च्या आयर्लंडमध्ये जाऊन उभे राहू. सप्टेंबरात आयरिश स्वराज्याचा कायदा लंडनच्या पार्लमेंटनं मंजूर केला आणि त्याच दमात युद्ध संपेपर्यंत गुंडाळून ठेवला. दोनच दिवसांनी, २० सप्टेंबरला, आयरिश पक्षाचे नेते जॉन रेडमंड यांनी वुडनब्रिज इथल्या भाषणात स्वयंसेवकांना सांगितलं, की युद्ध जिथे असेल तिथे जाऊन लढा. हिशेब सरळ होता. आज रक्त द्यायचं, उद्या स्वराज्य घ्यायचं. आपल्याकडे टिळकांनीही याच युद्धात सैन्यभरतीचा आणि स्वराज्याचा सौदा मांडला होता, त्यामुळे मराठी वाचकाला हा हिशेब परका वाटू नये.

त्याच्या जोडीला पोटाचा प्रश्न. डब्लिनच्या चाळवजा जुन्या वाड्यांत एकेका खोलीत एकेक कुटुंब राहत होतं. नवरा फौजेत गेला की बायकोच्या हाती दर आठवड्याला भत्ता पडे, आणि तो पुष्कळ घरांत नवऱ्याच्या आधीच्या मजुरीपेक्षा भरवशाचा होता. डॉयल तर युद्धाच्या कितीतरी आधी, १९०९त, पुरता विशीतही नसताना भरती झालेला. त्या वयाच्या, त्या गावच्या पोरासाठी पलटण म्हणजे दोन वेळचं जेवण, बूट आणि जग बघायची संधी. त्यात कुणाच्या राजनिष्ठेचा शोध घेत बसणं हा भरल्या पोटी करायचा उद्योग आहे. पहिल्या महायुद्धात असे दोन लाखांहून अधिक आयरिश ब्रिटिश गणवेशात लढले. त्यातले तीस-पस्तीस हजार परतले नाहीत.

हे सगळे बाहेर असताना घरची हवा बदलली. एप्रिल १९१६च्या ईस्टरमध्ये डब्लिनमध्ये उठाव झाला. त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये हुलुखच्या खंदकांत जर्मनांनी विषारी वायू सोडला आणि सोळाव्या आयरिश डिव्हिजनचे पाचशेहून अधिक जवान मेले. एकाच आठवड्यात आयरिश माणसं दोन ठिकाणी मरत होती. उठावाच्या नेत्यांना ब्रिटिशांनी मे महिन्यात एकेक करून भिंतीपुढे उभं केलं, तेव्हा देशानं कुठले मृत्यू आपले म्हणायचे ते ठरवून टाकलं. डब्लिनच्या विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक, माजी खासदार आणि कवी टॉम केटल तेव्हा ब्रिटिश फौजेत अधिकारी होते. ते म्हणाले होते, की हे उठाववाले इतिहासात वीर आणि हुतात्मे म्हणून जातील, आणि मी, गेलोच तर, एक हलकट ब्रिटिश अधिकारी म्हणून जाईन. सप्टेंबर १९१६त जिंशीच्या लढाईत ते मारले गेले. त्यांचं भाकीत निदान सत्तर वर्षं तरी खरं ठरलं.

त्याच जिंशीत त्यांच्या जवळ एक अठरा वर्षांचा अधिकारी लढत होता, एमेट डाल्टन. त्या लढाईसाठी त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. पुढे तोही आयआरएत गेला. मे १९२१मध्ये पकडलेल्या सोबत्याला माउंटजॉय तुरुंगातून सोडवायचं ठरलं, तेव्हा डाल्टननं आपला जुना ब्रिटिश अधिकाऱ्याचा गणवेश पेटीतून काढून अंगावर चढवला आणि पळवलेल्या चिलखती गाडीतून थेट तुरुंगात शिरला. बेत फसला, पण दरवाजा उघडला गेला तो त्या गणवेशाच्या आणि त्यातल्या बोलण्याचालण्याच्या जोरावर. कॉर्कमधला नावाजलेला बंडखोर सेनानी टॉम बॅरी याला तर १९१६च्या उठावाची बातमी मेसोपोटेमियात कळली, ब्रिटिश तोफखान्यात असताना. म्हणजे डॉयल हा काही एखादाच नमुना नव्हे. ज्या लढ्यानं आयर्लंड स्वतंत्र झालं त्या लढ्याला लढायचं कसं हे शिकवणाऱ्यांत ब्रिटिशांच्या पगारावर शिकलेली माणसं होती. हे सांगायला देशाला एवढा संकोच का वाटावा?

मला वाटतं, याचं कारण पदक या वस्तूतच आहे.

पदक हे कृत्याला दिलेलं असतं, पण ते देणाऱ्याच्या कामाला येतं. १ फेब्रुवारी १९१५ला फ्रान्समध्ये कुईंशी इथे आयरिश गार्ड्सच्या मायकेल ओ'लिअरीनं जवळजवळ एकट्यानं दोन मोर्चे घेतले, आठ जर्मन मारले आणि दोन पकडले. कॉर्क परगण्यातला शेतकऱ्याचा मुलगा. काही महिन्यांतच आयर्लंडच्या भिंतींवर त्याच्या चेहऱ्याचं भरतीचं पोस्टर लागलं. एका आयरिश माणसानं दहा जर्मनांना हरवलं, तुम्हाला त्याच्यासारखं व्हावंसं वाटत नाही का, अशा अर्थाचा मजकूर. लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्याला पाहायला अफाट गर्दी लोटली. माणूस खरा होता, शौर्यही खरं होतं, पण पोस्टरवर चढला की त्याचं काम उरलं एकच: आणखी पोरं आणायची. युद्धानंतर तो कॅनडात गेला, पोलिसात चाकरी केली, अडचणीत आला आणि शेवटी लंडनच्या मेफेअर भागातल्या एका हॉटेलचा दरवान झाला. दोन व्हिक्टोरिया क्रॉसवाले आयरिश, आणि म्हातारपणाकडे झुकताना दोघांचंही काम दारावर उभं राहण्याचं. यातून फार काही काढायला नको, पण नोंद घ्यावीशी वाटली.

म्हणून पदकवाल्याला आपला म्हणताना पदक देणाऱ्यालाही आपला म्हटल्यासारखं होईल, ही आयरिश राष्ट्रवाद्यांची भीती अगदीच खुळी नव्हती. फक्त त्यांनी त्यावर काढलेला उपाय चुकीचा होता. पदक नको म्हणताना त्यांनी माणूसही टाकून दिला.

गंमत अशी, की या बाबतीत खुद्द राजा जास्त शहाणा निघाला. व्हिक्टोरिया क्रॉसच्या १८५६च्या मूळ सनदेत पदक काढून घेण्याची तरतूद होती. चोरी, फौजेतून पळून जाणं, दोन बायका करणं अशा कारणांवरून आठ जणांची पदकं १९०८पर्यंत रद्दही झाली. पाचव्या जॉर्जला हे मान्य नव्हतं. जुलै १९२०मध्ये त्याच्या सचिवानं राजाचं मत कळवलं, की एखाद्या व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याला खुनासाठी फाशी झाली, तरी वधस्तंभावर त्यानं तो क्रॉस लावायला हरकत नाही. त्यानंतर काहीच महिन्यांत राजानं स्वतः पदक लावलेला डॉयल राजाच्याच फौजेविरुद्ध हेरगिरी करायला लागला! पण तत्त्व बिनतोड आहे. रिआँकूरजवळ त्या दिवशी जे घडलं ते घडलं. त्याआधीचं आणि नंतरचं काहीही ते पुसू शकत नाही. आणि याच तत्त्वाची दुसरी बाजू राजाला बहुधा अभिप्रेत नसावी. ते पदकसुद्धा नंतरचं काही पुसू शकत नाही. डॉयल राजाचं देणं लागत नव्हता. जखमींना उचलून आणताना त्यानं ते आगाऊ चुकतं केलं होतं.

आता त्या सत्तर वर्षांकडे वळू. युद्धानंतर आयर्लंडमध्ये मृतांची नावं गोळा करून आठ खंडांचं एक सुरेख स्मृतिपुस्तक छापलं गेलं. त्याच्या पानांच्या चौकटी हॅरी क्लार्क या काचचित्रकारानं रेखाटल्या आहेत, आणि त्या महिरपीत बारीक काळ्या सावल्यांसारखे शिपाई, तोफा, विमानं दिसतात. नावं साधारण ४९,४००. त्यात आयरिश पलटणींतले बिगरआयरिशही आले, म्हणून आकडा फुगलेला. ही पुस्तकं ठेवायला डब्लिनमध्ये लिफी नदीकाठी आयलंडब्रिजला एडविन लट्यन्सनं स्मृतिउद्यान आखलं. दिल्लीचं इंडिया गेट ज्यानं केलं तोच. त्याआधी डब्लिन शहराच्या मध्यावरच्या एका चौकाची जागा सुचवली गेली होती. ती नाकारली गेली, कारण ती संसदेच्या दारासमोर होती.

१९३०च्या दशकात हे उद्यान बांधताना घेतलेला एक निर्णय मला फार आवडतो. मजूर निम्मे ब्रिटिश फौजेतले निवृत्त शिपाई आणि निम्मे आयरिश फौजेतले निवृत्त शिपाई असायचे. यंत्रं शक्यतो वापरायची नाहीत, म्हणजे जास्त हातांना काम मिळेल. ग्रॅनाइटचे अवजड दगड हातांनी आणि दोरखंडांनी चढवले गेले. सलोख्यावर भाषणं न देता झालेला असा सलोखा मी फार ठिकाणी पाहिलेला नाही. एका टोकाला कालचा ब्रिटिश शिपाई, दुसऱ्या टोकाला कालचा बंडखोर, मधे दगड. डॉयलसारख्यांना तर कुठल्या टोकाला उभं करावं हाच प्रश्न पडला असता.

बांधकाम झालं. १९३९त ठरलेलं उद्‌घाटन दुसऱ्या महायुद्धामुळे पुढे ढकललं गेलं आणि पुढे कुणाला त्याची आठवणच आली नाही. गवत माजलं, घोडी चरू लागली, शहराचा कचरा तिथे पडू लागला. रीतसर समर्पण झालं ते १० सप्टेंबर १९८८ला, पन्नास वर्षांनी.

याच काळात, १९७०मध्ये, आयर्लंडनं एका शिपायाच्या अस्थी भारतातून समारंभानं परत नेल्या. जून १९२०मध्ये जालंधरला कनॉट रेंजर्सच्या आयरिश शिपायांनी मायदेशातल्या ब्रिटिश अत्याचारांविरुद्ध शस्त्रं खाली ठेवली होती. बंड सोलनला पोचलं, तिथे शस्त्रागारावर चालून जाताना दोघे मेले, आणि म्होरक्या जेम्स डेली याला २ नोव्हेंबरला दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. फौजी बंडासाठी मृत्युदंड झालेला हा शेवटचा ब्रिटिश शिपाई. डेलीला मान मिळाला तो रास्तच होता. पण बघा, ज्यानं नकार दिला त्याला पन्नास वर्षांनी हिमाचलातून उचलून घरी नेलं, आणि ज्यांनी नकार दिला नाही त्यांच्या बागेत राजधानीतच घोडी चरत होती. नकार देण्याची संधी, ते बळ आणि तो क्षण सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. डॉयलला तो क्षण दोन वर्षं उशिरा आला. हजारोंना आलाच नाही, कारण ते तोवर मेले होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तर सूड आणखी कोता झाला. तटस्थ आयर्लंडच्या फौजेतून पळून जाऊन जवळपास पाच हजार जण हिटलरविरुद्ध ब्रिटिशांकडून लढले. १९४५च्या एका आदेशानं त्यांचं निवृत्तिवेतन बंद झालं आणि सात वर्षं सरकारी पैशातून चालणारी कुठलीही नोकरी त्यांना बंद झाली. लोक त्याला उपासमारीचा आदेश म्हणत. माफीचा कायदा २०१३मध्ये झाला. ज्यांना माफी मिळाली त्यातले फार थोडे तोवर हयात होते.

इथवर माझं म्हणणं सरळ वाटलं असेल: आयर्लंडनं अन्याय केला, आता चूक सुधारली. २०११त राणी एलिझाबेथ आणि राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीज यांनी आयलंडब्रिजला एकत्र पुष्पचक्रं वाहिली, सगळं छान झालं. पण मला या सुधारणेचाही थोडा धाक वाटतो.

उदाहरण डब्लिनमधल्याच ग्लासनेव्हिन दफनभूमीचं. २०१६त उठावाच्या शताब्दीला तिथे एक भिंत उभारली. उठावात मेलेल्या सगळ्यांची नावं त्यावर: बंडखोर, सामान्य नागरिक, लहान मुलं आणि ब्रिटिश शिपाईसुद्धा. तारखेनुसार, एकाच आकाराच्या अक्षरात. हेतू चांगला होता. पण २०१७त तिच्यावर रंग फेकला गेला, २०२०त हातोड्यानं तोडफोड झाली आणि अखेर दफनभूमीच्या विश्वस्तांनी हा प्रकल्पच सोडून दिला. त्याच २०२०च्या जानेवारीत, स्वातंत्र्यपूर्व काळातल्या ब्रिटिशांच्या आयरिश पोलिसदलाचं स्मरण सरकारनं ठरवलं होतं. त्या दलात ब्लॅक अँड टॅन्स हे कुख्यात भाडोत्री घुसवले गेले होते. एवढा गदारोळ झाला की कार्यक्रम मागे घ्यावा लागला.

हातोडा चालवणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. पण ज्या आजीच्या घराला ब्लॅक अँड टॅन्सनी आग लावली, तिच्या नातवाला त्यांचीही फुलं वाहायला सांगणं म्हणजे समंजसपणा, असं मला पटत नाही. मरणानं सगळे सारखे होत नाहीत. आठवण ठेवणं वेगळं आणि गौरव करणं वेगळं, आणि भिंतीवरच्या एकसारख्या अक्षरांत नेमका हाच फरक नाहीसा होतो. जुन्या राष्ट्रवाद्यांनी डॉयलची मधली पानं फाडली. नवे सलोखेवाले सगळी पानं ठेवतात, पण शाई एवढी पातळ करतात की काय लिहिलंय ते वाचता येत नाही. रिआँकूरजवळ लढलेला डॉयल त्यांना आवडतो. एनिसच्या छावणीतला हेर डॉयल त्यांनाही अडचणीचा वाटतो, कारण मग राजदूताला कार्यक्रमाला बोलावलं की पंचाईत.

म्हणून माझं म्हणणं असं. अशा माणसाचा मान करायचा तर त्याच्या आख्ख्या आयुष्याचा करावा, आणि ज्यानं लढायला पाठवलं त्याचा करू नये. डॉयलच्या गावी फलक लावायचा असेल तर त्यावर व्हिक्टोरिया क्रॉस असावा, एनिसही असावं, यादवीतली जखम असावी आणि गिनेसचं दारही असावं. ते वाचून ब्रिटिश पाहुणा जरा अवघडला पाहिजे आणि आयरिश पाहुणाही. कुणीच अवघडलं नाही, तर फलकावर काहीतरी लिहायचं राहिलंय असं समजावं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. परक्या सत्तेची चाकरी करणाऱ्याचं असं कौतुक केलं तर चाकरीच प्रतिष्ठित होत नाही का? होऊ शकते. ब्रिटिशांच्या हातचं शौर्यपदक आजही आपल्याकडे अनेकांना देशी सन्मानापेक्षा किंचित उंच वाटतं, हे आपण खाजगीत कबूल करू. पण हा दोष पदकाकडेच बघत बसण्याचा आहे. माणूस पूर्ण पाहिला की चाकरीची किंमतही दिसते. ज्या सत्तेसाठी तो मरायला तयार झाला, त्या सत्तेच्या फौजेनं त्याच्या देशात, त्याच्या डोळ्यांदेखत काय केलं आणि त्यावर त्यानं काय ठरवलं, हे डॉयलच्या चरित्रातून वगळताच येत नाही. साम्राज्याची जाहिरात करायला त्याच्याइतका कुचकामी नायक शोधून सापडणार नाही.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. डॉयलच्या मन्स्टर पलटणीच्या टोपीवरच्या बिल्ल्यात बंगालचा वाघ होता, कारण ती मुळात ईस्ट इंडिया कंपनीची बंगाल युरोपियन पलटण. तिची भावंड असलेली रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स, म्हणजे टॉम केटल आणि एमेट डाल्टनची पलटण, १८८१त मद्रास आणि मुंबईच्या कंपनी पलटणी जोडून बनली. मुंबईची ती युरोपियन पलटण नोव्हेंबर १८१७मध्ये खडकीला पेशव्यांच्या फौजेविरुद्ध उभी होती. त्या लढाईचं नाव डब्लिन फ्युझिलिअर्सच्या मानचिन्हांत शेवटपर्यंत होतं. दक्षिण आयर्लंडच्या या पलटणी १९२२मध्ये मोडीत निघाल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांची निशाणं विंडसरच्या किल्ल्यात राजाच्या हवाली झाली. खडकी, पुणे हे नाव आता कुठे टांगलेलं असेल तर तिथे.

आणि आपली माणसं? १० जुलै १९४४ला इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूची मशीनगन चौकी एकट्यानं घेतली. आपल्या तुकडीत तेच एक सुस्थितीत उरले होते. चौकी हाती आली आणि लगेच दुरून झाडलेल्या गोळीनं ते पडले. रायगड जिल्ह्यातला हा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान. माणगावला त्यांचा पुतळा आहे. त्याच जुलैत इंफाळहून आझाद हिंद सेनेचे जवान भुकेले, मलेरियानं खंगलेले, पावसात मागे फिरत होते. स्वतंत्र भारतानं दोघांनाही मानलं, हे आयर्लंडपेक्षा आपण बरं केलं. पण कसं मानलं? वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हारांनी, दोघांची गाठ पडणार नाही अशा बेतानं. आझाद हिंदच्या सैनिकांना स्वतंत्र भारताच्या फौजेनं परत घेतलं नाही, ही गोष्ट आपण घाडगे यांच्या पुतळ्यासमोर उभं राहून कधी बोललेलो नाही.

साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानशी दगडी पाटी बसवलेली सापडते. पांढऱ्या चुन्याच्या पुटांखाली अक्षरं अर्धी बुजलेली असतात. या गावातून अमुक इतके पुरुष १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले. बस. नाव एकही नाही. अशी पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या आबांना मी विचारलं, की यातलं कुणी तुमच्या माहितीतलं? ते म्हणाले, "आकडा आहे की लिहिलेला." मग थोडं थांबून म्हणाले, की आमच्या चुलत आजोबाला बसऱ्याचा म्हणायचे, पण तो गेलेल्यांत की आलेल्यांत, ते आता कोण सांगणार.

आयरिशांकडे आठ खंड भरून नावं होती आणि ती ठेवायला जागा नव्हती. आपल्याकडे जागा आहे, दगडही आहे. पाटीखाली चार-सहा ओळी मावतील एवढी भिंत अजून मोकळी आहे. मुंबईच्या आणि दिल्लीच्या दप्तरांत पलटणींच्या याद्या आहेत, गावातल्या जुन्या घरांच्या पेट्यांत पेन्शनची पुस्तकं आहेत. बसऱ्याहून आलेल्या त्या आजोबाचं नाव शोधायला कुणीतरी एक सुट्टी घालवली पाहिजे, आणि सापडलं तर तो परत आल्यावर काय म्हणाला, कुणाच्या बाजूला गेला, सत्याग्रहात होता की पाटलाच्या कचेरीत, हेही विचारून घेतलं पाहिजे.